आरव्हीतील प्रोपेन उपकरणे न पेटणे

आरव्ही म्हणजे चाकांवरचे घर. अमेरिका-कॅनडात अशा गाडीतली शेगडी, गीझर, खोली गरम करणारी फर्नेस आणि बहुधा फ्रिजही प्रोपेन या सिलिंडरमधल्या गॅसवर चालतो. यांतले काही पेटेनासे झाले की लोक सिलिंडरकडे धावतात. खोट मात्र पुष्कळदा बॅटरीत किंवा बर्नरच्या तोंडाशी असते.

आधी शेगडी लावून पाहावी. काडीनेही ती पेटत नसेल तरच गॅसचा मार्ग तपासायचा. सिलिंडर बदलल्यावर नळीत हवा राहते. ती शेगडीवाटे निघून जाऊ द्यावी लागते. व्हॉल्व्ह झटक्यात उघडला तर जोडणीतली सुरक्षा-झडप गळती समजून प्रवाह अडवते. तो पूर्ण बंद करावा, थोडे थांबावे आणि सावकाश उघडावा. रेग्युलेटरनंतरचा दाब 11 इंच पाण्याच्या स्तंभाएवढा, म्हणजे साधारण 27 मिलिबार लागतो.

फर्नेस सर्वांत फसवी. थर्मोस्टॅटने, म्हणजे तापमान पाहणाऱ्या स्विचने, हुकूम दिला की आधी पंखा फिरतो. त्याच्या झोताने एक हलकी पट्टी ढकलली जाऊन स्विच जुळतो, मगच सर्किट बोर्ड गॅस सोडून ठिणगी पाडतो. 12 व्होल्टची बॅटरी उतरली असेल तर पंखा मंद फिरतो, पट्टी हलत नाही आणि सिलिंडर भरलेला असूनही थंड वाराच येत राहतो. आपल्याकडच्या गॅस गीझरचे सेल संपल्यावर होते तसेच हे.

ठिणगीची टकटक ऐकू येते, ज्योत दिसते आणि काही सेकंदांत विझते, असे असेल तर इलेक्ट्रोडला, म्हणजे बर्नरजवळच्या धातूच्या कांडीला, ज्योतीची चाहूल लागलेली नसते. त्यावर काजळी असते, तो जागचा हललेला असतो किंवा अर्थिंगची तार सैल असते. ठरावीक प्रयत्नांनंतर बोर्ड स्वतःच गॅस तोडतो.

हिवाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत कोळी बर्नरच्या नळीत जाळी विणतात, गांधीलमाश्या मातीची घरटी करतात. हवा नीट मिसळत नाही, ज्योत पिवळी पडते. नळी मऊ ब्रशने साफ करावी. गॅस जिथून सुटतो त्या जेटच्या बारीक छिद्रात तार मात्र कधीही घालू नये, छिद्र मोठे होते.

गॅसचा वास येत असेल तर यांतली एकही तपासणी करायची नाही. ज्योती विझवाव्यात, दिव्याच्या बटणालाही हात न लावता सगळ्यांनी बाहेर पडावे आणि सिलिंडर बाहेरूनच बंद करावा. प्रोपेन हवेच्या दीडपट जड असल्याने जमिनीलगत साचतो. म्हणूनच गळतीसूचक यंत्र खाली बसवलेले असते. जोडणीची गळती पुढे साबणाच्या फेसानेच शोधावी.

उंच घाटात फ्रिजची ज्योत विरळ हवेमुळे विझते. साधारण 5,500 फुटांच्या वर तो विजेवर चालवण्याची सूचना उत्पादकच देतात.