आपली वीज आपल्यातच ठेवली तर स्वस्त पडेल का?

खानापूर, निपाणीकडं वर्षानुवर्षं एक मेसेज फिरतोय, आपल्या भागातली वीज बाहेर सोडली नाही तर स्वस्त मिळेल आणि लाईटही जाणार नाही. तसं होत नाही. वीज लागेल तेवढीच त्याच क्षणी तयार व्हावी लागते, छोट्या ग्रीडमध्ये, म्हणजे वीजकेंद्रं आणि तारांच्या छोट्या जाळ्यात, वीज तयार करणारं एक मोठं मशीन बंद पडलं की तेवढंच दुसरं तयार पाहिजे, तो खर्च थोड्याच गिऱ्हाइकांवर बसतो आणि विकणारे एकदोनच असले की भावही तेच ठरवणार.

जत्रेतला जनरेटर म्हणजे असं छोटं ग्रीडच, त्याच्यावर मोठी मोटर चालू करताना बल्ब बघा, लगेच मंद होतात. आपलं ग्रीड मात्र मोठं आहे. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर लाईननं दक्षिणेचं ग्रीड बाकी देशाशी जोडलं, तेव्हापासून बेळगाव-कोल्हापूरची फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेचे सेकंदाला होणारे फेरे, एकच आहे, ५० हर्ट्झच्या आसपास, नेटवर लाईव्ह दिसते.