एक दिवा गेला, तरी माळ जळते कशी?

नाताळच्या माळा खोक्यातून बाहेर निघाल्या की घरातलं कुणीतरी बजावतंच, "सांभाळून, एक दिवा गेला तर सगळी माळ जाईल." शाळेत एकसर जोडणी, म्हणजे एकाच वाटेवर एकामागे एक जोडलेले दिवे, शिकलेल्याला हे पटतंही. पण आत तापून उजळणारी बारीक तार, म्हणजे तंतू, असलेल्या छोट्या दिव्यांची माळ झाडाभोवती गुंडाळून बघा: मधले दोन-तीन काळे आणि बाकीचे खुशाल जळताहेत, असं अनेकदा दिसतं.

1882 मध्ये एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने न्यूयॉर्कमधल्या घरी लाल, पांढऱ्या, निळ्या अशा 80 दिव्यांनी झाड सजवलं. आजच्या छोट्या दिव्यातली खरी करामत मात्र आत, तंतूच्या बुडाशी लपलेली असते. तिथे एका बारीक तारेचे दोन-चार वेढे असतात. हा शंट. त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ, वीज न वाहू देणारा थर असतो.

अमेरिकेतल्या घरगुती 120 व्होल्टवर एकसर जोडलेल्या 50 दिव्यांची माळ धरा. प्रत्येकाच्या वाट्याला 2.4 व्होल्ट येतात. एवढ्याने तो थर फुटत नाही, म्हणून शंट गप्प असतो. आता एक तंतू तुटला. विजेची धारा थांबली. धाराच नाही म्हटल्यावर उरलेल्या 49 दिव्यांच्या रोधावर विभवांतर (व्होल्टमध्ये मोजतात ते) पडणार कुठून? ते शून्य. म्हणजे अख्खे 120 व्होल्ट त्या एकट्या तुटलेल्या दिव्याच्या दोन टोकांवर येतात! थर फुटतो, शंटमधून वाट मोकळी होते, माळ पुन्हा उजळते. हे इतकं झटपट होतं की आपल्याला कळतही नाही.

फुकट काहीच नसतं. 120 व्होल्ट आता 49 जणांत वाटले जातात. पाच दिवे गेले की प्रत्येकाला 2.67 व्होल्ट, म्हणजे सुमारे 11 टक्के जास्त. तंतूचं आयुष्य विभवांतराच्या साधारण बाराव्या घाताने घटतं; 1.11 चा बारावा घात साडेतीनच्या आसपास. उरलेल्यांचं आयुष्य एक-तृतीयांशाहून कमी! तेव्हा गेलेला दिवा लगेच बदला, आणि तितक्याच व्होल्टचा बसवा. 35 दिव्यांच्या माळेचा दिवा 3.5 व्होल्टचा असतो, तो इथे चालणार नाही.

माळ पूर्ण अंधारली असेल तर मात्र बहुधा एखादा दिवा खाचेत सैल झालेला असतो. शंट दिव्याच्या आत असल्यामुळे दिवा निसटला की तोही गेला. लुकलुक करवणाऱ्या खास दिव्यात तर शंट मुद्दाम ठेवतच नाहीत. त्यातली द्विधातू पट्टी (दोन धातू जोडून केलेली) तापून वाकते, मंडल म्हणजे विजेची वाट तुटते, सगळी माळ विझते. पट्टी गार झाली की परत सुरू.

2015 मध्ये ब्रिटनच्या ऑफकॉम या नियामक संस्थेने वायफाय मंदावण्याच्या कारणांत या माळांचाही उल्लेख केला आणि बातम्यांनी गहजब केला. माळा काढण्याआधी राउटर कपाटामागे कोंबलाय का, ते पाहावं.

एलईडीच्या माळा कमी वीज खातात, फारशा तापत नाहीत. निवड करायची तर त्यांचीच. फक्त स्वस्त माळ घेताना ती हातात धरून झटक्याने हलवा. प्रकाशाची सलग रेघ न दिसता तुटक ठिपके दिसले, तर आतल्या मंडलात प्रत्यावर्ती धारेचा (सतत दिशा बदलणाऱ्या घरगुती विजेचा) अर्धाच भाग वापरलाय आणि दिवे सेकंदाला 50 किंवा 60 वेळा विझताहेत. अशी माळ डोळ्यांसमोर, टेबलाजवळ लावू नये. बाहेर कुंपणावर चालेल, पण तिच्यावर बाहेर वापरण्याचा शिक्का हवा.