‘मी पाहिलं नाही’पासून ‘घडलंच नाही’पर्यंत

पॉल रासिनिए नाझी नव्हता. फ्रान्समधला समाजवादी, युद्धविरोधी शिक्षक; जर्मनांविरुद्धच्या भूमिगत चळवळीत 1943 मध्ये पकडला गेला, जर्मनीतल्या बुखेनवाल्ड आणि डोराच्या छळछावण्यांतून जिवंत परतला. तरी ज्यूंचा संहार नाकारणाऱ्या लिखाणाचा पाया फ्रान्समध्ये त्यानेच घातला. आपण गॅस चेंबर पाहिलं नाही, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या दोन्ही छावण्यांत ते नव्हतंच. ऑशविट्झ, ट्रेब्लिंका, सोबिबोर ही संहारकेंद्रं दूर पोलंडमध्ये होती. पण युद्धात दोन्ही बाजू सारख्याच दोषी, हे त्याचं आधीच ठरलेलं होतं. गॅस चेंबरमुळे तो तराजू कलत होता.

पुढची पायरी अतिडाव्यांची. लोकशाही आणि फॅसिझम ही भांडवलशाहीचीच दोन तोंडं, असा त्यांच्यातल्या काही गटांचा सिद्धांत. 1960 मध्ये अशाच एका गटाच्या फ्रेंच नियतकालिकात लेख आला: लोकशाहीवाले ऑशविट्झचा वापर स्वतःची पापं झाकायला करतात. संहार झाला, हे लेखाला मान्य होतं. पण एखादी आठवण केवळ विरोधकाच्या सोयीची आहे असं एकदा मनाने घेतलं, की ‘मुळात ती खरी तरी आहे का?’ हा प्रश्न फार लांब राहत नाही. पॅरिसमध्ये 1965 मध्ये पिएर गियोमने काढलेलं पुस्तकांचं दुकान हा सगळा प्रवास करून गेलं. ल्योंचे साहित्याचे प्राध्यापक रोबेर फोरिसाँ यांनी डिसेंबर 1978 मध्ये ‘ल मोंद’ या दैनिकात गॅस चेंबर नाकारली. फोरिसाँ डावे नव्हते, तरी गियोमची मंडळी त्यांची प्रकाशक झाली.

साक्षी खोट्या, कागद बनावट, असं ठरवल्यावर उरतं रसायनशास्त्र. 1988 मध्ये संहार नाकारणाऱ्या एकावर टोरांटोत चाललेल्या खटल्यासाठी फ्रेड लॉइख्टर या अमेरिकनाने ऑशविट्झच्या भिंतींचे तुकडे छिनीने फोडून आणले आणि त्यांत सायनाइड, म्हणजे गॅस चेंबरमधल्या विषारी वायूचा अंश, जवळजवळ नाही, असं जाहीर केलं. यात गफलत नमुन्याची होती. सायनाइड भिंतीत जेमतेम 10 मायक्रोमीटर शिरतं. एक सेंटिमीटर जाडीचा तुकडा कुटला, तर तो थर हजारपट विरळ होतो. शिवाय माणूस हवेत दर दहा लाखांत 300 भाग हायड्रोजन सायनाइड असलं तरी काही मिनिटांत मरतो. त्याच वायूने कपड्यांतल्या उवा मारायला कित्येक पट मात्रा आणि कित्येक तास लागतात. म्हणून कपडे निर्जंतुक करण्याच्या खोल्यांच्या भिंती सायनाइड आणि भिंतीतल्या लोहाच्या संयोगाने निळ्या पडल्या, गॅस चेंबरच्या तितक्या नाहीत. क्राकोच्या न्यायवैद्यक संस्थेने निळा रंग वगळून संवेदनशील पद्धतीने तपासलं. 1994 च्या निकालांत गॅस चेंबरच्या अवशेषांत सायनाइड सापडलं. कैद्यांच्या राहत्या बराकींत नाही.

परत फिरणारेही निघतात. जाँ-क्लोद प्रेसाक हा फार्मासिस्ट सुरुवातीला फोरिसाँबरोबर होता. ऑशविट्झचे बांधकाम-नकाशे स्वतः चाळायला बसला आणि त्याचं मत पालटलं. पुढे त्याने एक पत्र उजेडात आणलं. ऑशविट्झच्या बांधकाम कार्यालयाने 26 फेब्रुवारी 1943 रोजी क्रिमेटोरियम 2 (प्रेतं जाळायच्या भट्ट्यांची इमारत) साठी 10 वायुशोधक तातडीने मागवले होते. भट्ट्या बनवणाऱ्या टॉप्फ कंपनीचं 2 मार्चचं उत्तर असं: हायड्रोजन सायनाइडचा अंश दाखवणाऱ्या उपकरणांसाठी पाच कंपन्यांकडे विचारणा केली आहे, तिघांनी नाही म्हटलंय, दोघांचं उत्तर अजून यायचं आहे.