सर्व्हरवर लॉगिन करताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आंब्याच्या पेट्यांचा हिशेब असो की होमस्टेचे बुकिंग, आम्ही बसवलेल्या लिनक्स सर्व्हरवर एसएसएचनेच, म्हणजे सांकेतिक केलेल्या सुरक्षित जोडणीने, काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून जायचे. त्याच कामाचे जुने टेलनेट आम्ही चालू ठेवत नाही, कारण त्यात पासवर्ड जसाच्या तसा वायरीतून जातो. विंडोज 11 मध्ये एसएसएच आधीच असते.

प्रत्येकाला स्वतःचे नाव आणि स्वतःची किल्ली, म्हणजे ओळख पटवणारी फायलींची जोडी. किल्ली एड25519 प्रकारची बनवा. दोन फायली तयार होतात. नावाच्या शेवटी 'पब' असलेली आम्हाला पाठवा. दुसरी कुणालाही नाही, अगदी आम्ही मागितली तरी नाही! तिला सांकेतिक वाक्य जरूर लावा. ते टाइप करताना पडद्यावर ठिपकासुद्धा उमटत नाही, कीबोर्ड बिघडलेला नसतो. वाक्य आठवत बसू नका, 2 मिनिटांत लॉगिन झाले नाही तर सर्व्हर जोडणी तोडतो.

पहिल्या वेळी सर्व्हरचा फिंगरप्रिंट, म्हणजे त्याची ओळख सांगणारी अक्षरांची ओळ, दिसतो. तो सोबतच्या कार्डाशी जुळवून मगच 'येस' पूर्ण लिहा, नुसते 'वाय' चालत नाही. पुढे कधी 'ओळख बदलली' असा इशारा आला आणि आम्ही सर्व्हर बदलल्याचे कळवलेले नसेल, तर तिथेच थांबून फोन करा.

'टाइम्ड आउट' म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचताच आले नाही. पावसाळ्यात आधी लाइट आणि राउटर बघा. 'रिफ्यूज्ड' आले तर बहुधा यंत्र चालू आहे, पण एसएसएच सेवा बंद आहे किंवा पोर्ट, म्हणजे सेवेच्या दाराचा क्रमांक, चुकला (नेहमीचा 22). 'परमिशन डिनाइड' असेल तर किल्ली किंवा नाव जुळत नाही; नावात मोठे-लहान अक्षर धरले जाते. सगळे बरोबर असूनही अडले, तर बहुधा कुणीतरी सर्व्हरवरच्या तुमच्या 'होम' फोल्डरला 777 परवानगी, म्हणजे सर्वांना सगळे हक्क, दिलेली असते. सर्वांना लिहिता येईल अशा फोल्डरातली किल्ली सर्व्हर मानत नाही. एसएसएचच्या फोल्डरला 700, किल्ल्यांच्या यादीला 600 ठेवा, म्हणजे हक्क फक्त मालकाला.

लांबलचक काम टीमक्समध्ये, म्हणजे सर्व्हरवर सत्र चालू ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, सुरू करा. मग नेट गेले तरी सर्व्हरवर ते चालूच राहते, पुन्हा लॉगिन करून जोडून घेता येते.

हंगाम संपला, हिशेबनीस गेला, की त्याच दिवशी कळवा. किल्ल्यांच्या यादीतून त्याची ओळ आम्ही काढतो, पण आधीच उघडलेली जोडणी तेवढ्याने तुटत नाही. ती वेगळी बंद करावी लागते.