पार्श्वभूमी : पिंजरा, गव्हाण आणि कानातला बिल्ला

गाभण डुकरिणीला पोटभर खायला देत नाहीत. अंगावर चरबी चढली की विताना ती अडते आणि व्यायल्यावर खाणं कमी करते. म्हणून 114-115 दिवसांच्या गाभणकाळात रोजचा खुराक साधारण 2 ते 3 किलोच. तो थोड्या वेळात संपतो आणि उरलेला दिवस भुकेत जातो. एवढाच खुराक कळपात टाकला, तर दांडग्या माद्या दुप्पट खातात आणि पहिलटकरणी रोडावतात.

1960 नंतर युरोप-अमेरिकेत पसरलेला पिंजरा याच अडचणीतून रुजला. जागा आणि मजुरी वाचते हे त्याचं नेहमी सांगितलं जाणारं कारण. पण माझ्या मते तो आधी खुराक मोजून देण्याचं साधन होता, आणि हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचा इतिहास उलगडत नाही. सुमारे 60 सेंटीमीटर रुंद आणि 2 मीटर लांब जागेत प्रत्येकीला तिचा वाटा मिळे, मात्र अंग वळवता येत नसे. माद्या तासन् तास गज चावत, रिकाम्या तोंडाने चघळत. उठणं, बसणं, वळणं, अंग साफ करणं, पाय ताणणं एवढी तरी मोकळीक प्राण्याला हवी, असं पाळीव जनावरांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या ब्रिटनमधल्या ब्रॅम्बेल समितीने 1965 मध्येच लिहून ठेवलं होतं.

कळपात ठेवूनही प्रत्येकीला मोजून खायला घालणारं यंत्र 1980 च्या दशकात आलं. गळ्यातल्या पट्ट्यात, पुढे कानातल्या बिल्ल्यात ओळखचिप असते. मादी कक्षात शिरली की मागचं दार बंद होतं, यंत्र तिला ओळखतं आणि तिच्या वाट्याचा खुराक थोडा थोडा सोडतं. एका यंत्रावर 40 ते 60 माद्या भागतात.

सुरुवातीच्या यंत्रांनी मात्र नवी दुखणी आणली. काहींत खाऊन झाल्यावर उलट पावलीच बाहेर पडावं लागे, आणि मागे रांगेत भुकेल्या माद्या उभ्याच. त्या चावत, अनेकदा योनीलाच. डुकरं स्वभावाने एकत्र खाणारी आणि इथे एकेकीने खायचं, हा ताण तर आजही आहे. बाहेर पडायला पुढचं दार आल्यावर चावे घटले. जर्मनीतल्या डुमरस्टोर्फच्या संशोधकांनी प्रत्येक डुकराला स्वतःच्या खुणेचा आवाज ओळखायला शिकवलं. ज्याची हाक येईल त्यानेच जायचं. रांगेवरचा हा उपाय मला सगळ्यांत समंजस वाटतो.

दरम्यान कायदेही कडक झाले. ब्रिटनने 1999 पासून पिंजरे बंद केले. युरोपीय संघात 1 जानेवारी 2013 पासून, रेतनानंतरचे 4 आठवडे आणि विण्याआधीचा 1 आठवडा सोडून, माद्यांना कळपातच ठेवणं बंधनकारक आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 2018 मध्ये दर मादीमागे 24 चौरस फूट जागेचा नियम मंजूर केला.

युरोपच्या नियमांत आणखी एक अट आहे, तिची चर्चा फार कमी होते. गाभण मादीला भूक भागेल आणि चघळता येईल असा पुरेसा तंतुमय चाराही द्यायचा. खुराकाचा वाटा यंत्र मोजून देतं. हा चारा अनेकदा गोठ्यात वेगळा टाकावा लागतो.