बर्थस्टोनची यादी खरंच हजारो वर्षं जुनी आहे का?

जानेवारीला गार्नेट, मे महिन्याला पाचू, जुलैला माणिक ही बर्थस्टोनची, म्हणजे जन्ममहिन्याच्या खड्यांची यादी हजारो वर्षांपासून चालत आलीये असं सगळीकडे लिहिलेलं असतं आणि लोक ते मनापासून मानतात, पण आज आपण जी यादी बघतो ती १९१२ साली अमेरिकेतल्या ज्वेलर्सच्या संघटनेने ठरवली.

मूळ कल्पना जुनी आहे हे मात्र खरं. बायबलमध्ये मुख्य याजकाच्या उरपट्टीवर बारा रत्नं होती असं वर्णन आहे, पहिल्या शतकात ज्यू इतिहासकार जोसेफसने ती बारा रत्नं वर्षाच्या बारा महिन्यांशी जोडली, पण जन्माच्या महिन्याचा एकच खडा आयुष्यभर घालायचा ही पद्धत त्यामानाने फारच अलीकडची, युरोपात रुजलेली.

आणि १९१२ ची यादी तरी कुठे तशीच राहिली? १९५२ मध्ये जूनला अलेक्झांड्राइट आणि नोव्हेंबरला सिट्रिन आलं, २०१६ ला ऑगस्टमध्ये स्पिनेल आलं. सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे डिसेंबरचा टांझानाइट, हा खडा सापडलाच १९६७ च्या सुमारास टांझानियात आणि यादीत आला २००२ ला, मग त्याचा 'प्राचीन अर्थ' कुठून येणार सांगा!

म्हणून मला वाटतं, खडा आवडला तर खुशाल घ्या, दुसऱ्या महिन्याचा आवडला तरी घ्या. फक्त रोजच्या अंगठीसाठी घेताना त्याचा कठीणपणा बघा, नीलम रोजच्या वापरात छान टिकतो, ओपल आणि मोती मात्र नाजूक, त्यांच्यावर पटकन चरे पडतात.