तळ्याकाठचा प्लॉट घेताय? टोकन देण्याआधी टेप कुठून लावायची ते बघा

आम्ही गोव्यात, फोंड्याला सर्वे-प्लॅनची कामं करतो, चार माणसांचं ऑफिस. मार्च-एप्रिल आला की तळ्याकाठच्या प्लॉटचे फोन सुरू होतात, कारण तेव्हा पाणी आटलेलं असतं, एजंट गाडी थेट आत घालतो आणि भेगा पडलेल्या चिखलावर उभा राहून "तळं ते तिकडे, लांब" असं बोट दाखवतो. दरवेळी तेच समजावून घसा बसतो म्हणून शेवटी हे छापलं.

केंद्राचे पाणथळ जागांचे नियम २६ सप्टेंबर २०१७ ला आले. अधिसूचित तळ्यापासून ५० मीटरच्या आत कायमचं बांधकाम नाही, सूट फक्त होडीच्या जेटीला. एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण हे ५० मीटर आज दिसणाऱ्या पाण्यापासून नाही, सरासरी पूरपातळीपासून मोजायचे, आणि तीसुद्धा नियम लागू झाले तिथून मागच्या १० वर्षांची, म्हणजे साधारण २००७ ते २०१७. त्यामुळे "गेल्या वर्षी पाणी इथवर आलंच नाही हो" याला काही अर्थ नाही.

मागे एक जोडपं आलं होतं, प्लॉट ६०० चौरस मीटरचा, २० बाय ३०, मागची बाजू तळ्याकडे. एजंटने पाण्यापासून मागच्या हद्दीपर्यंत ५२ मीटर टेपने मोजून दाखवलेले, दोघं खूश. आम्ही गेलो तर आमच्या पोराने बांधावरच्या माडाच्या बुंध्याला गुडघाभर उंचीवर वाळलेल्या चिखलाचा पट्टा दाखवला, पुढे जांभ्या दगडाच्या गडग्यावरही, म्हणजे कुंपणाच्या भिंतीवरही, तोच पट्टा. लेव्हल लावली तर पाण्याची ती रेषा १४ मीटर अलीकडे आली. म्हणजे उरले ३८, कमी पडले १२, आणि १२ गुणिले २० म्हणजे २४० चौरस मीटर जागेवर बांधायचंच नाही. पैसे ६०० चे द्यायचे, हातात ३६०, त्यातून पुढचे-बाजूचे सेटबॅक, म्हणजे मोकळी सोडायची जागा, वेगळे. माडावरचा चिखल ही काही कायद्याची रेषा नव्हे, ती पाणथळ प्राधिकरणाच्या नकाशावरूनच ठरते, पण टोकन थांबवायला तेवढा पट्टा पुरे.

आणि प्रत्येक तळं सारखं नसतं. कुडचड्याचं नंदा तळं घ्या, ४२ हेक्टर, २०२२ मध्ये रामसार यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलेलं, गोव्यातलं पहिलं. तिथे पावसाळा सरल्यावर पाणी अडवून ठेवतात आणि मानशीच्या (पाणी अडवायच्या-सोडायच्या दाराच्या) खालच्या बाजूला त्याच पाण्यावर भात होतं. म्हणून कुठलं तळं कधी भरतं हे एजंटला नको, गावातल्या शेतकऱ्याला विचारा.

अधिसूचना निघालेल्या तळ्यांमध्ये चिंबलचं तोय्यार, चांदरचं कोटंबी वगैरे आहेत. अधिसूचनेत तळ्याच्या हद्दीबरोबर झोन ऑफ इन्फ्लुअन्सही असतो, म्हणजे जिथल्या कामाचा तळ्यावर वाईट परिणाम होऊ शकतो तो आजूबाजूचा भाग, आणि काय बंद, काय अटींवर चालेल त्याच्या याद्या. ५० मीटर सुटलं म्हणजे सगळं सुटलं असं नाही! आमचं म्हणाल तर आम्ही सोकपिट (सांडपाण्याचा शोषखड्डा) आणि कंपाऊंड वॉलसुद्धा ५० च्या बाहेरच दाखवतो, कोणी कटकट्या म्हणालं तरी. जांभ्यातून पाणी कसं झिरपतं ते विहीर असलेल्या कुणालाही विचारा.

आता नेहमीचा प्रश्न, "हे तर शेत आहे, तळं कुठाय?" बरोबर, भातशेत, नदीचं पात्र, मिठागर, सिंचनासाठी बांधलेला तलाव हे या नियमांच्या व्याख्येत येत नाहीत. पण म्हणून मोकळं रान नाही. सखल जमिनीत भराव टाकायला टीसीपी, म्हणजे नगरनियोजन कायद्याच्या कलम १७-अ खाली परवानगी लागते, कुळाला मिळालेली जमीन असेल तर १९९१ चा जमीन-वापराचा कायदा आड येतो, आणि खाजन (भरतीचं पाणी बांधाने अडवून केलेली सखल जमीन) असेल तर विषयच संपला, २०११ च्या सीआरझी, म्हणजे किनारपट्टी नियमनाच्या अधिसूचनेत गोव्याच्या खाजनात विकासकामांना सरळ मनाई आहे. खारफुटी १००० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर तिच्याभोवती ५० मीटरचा बफर वेगळाच.

दंडाचं विचारतात म्हणून सांगतो, पर्यावरण संरक्षण कायद्याखाली आता १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत. पण खरा फटका तो नाही, काम अर्ध्यावर थांबतं आणि बँकेचा हप्ता चालूच राहतो.

येताना एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्काचा), सर्वे प्लॅन आणि असेल तर झोनिंग सर्टिफिकेट आणा. जमीन बिगरशेती केल्याची सनद आहे म्हणून निश्चिंत राहू नका, तीही आणा, तारीख बघू. आणि जमलं तर जुलै-ऑगस्टमध्ये या, भर पावसात साईटवर जाऊ. गमबूट आमच्याकडे आहेत, ८ आणि १० नंबरचे.